घरच्यांची जोडी कोण बघणार

मास्तरीण बोटीवर आली त्याला बरीच वर्षं झाली, पण नाव जुनंच चिकटून राहिलं. लग्नाआधी ती एका शाळेच्या तलावावर मुलींना पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी आणि आवाज असा खणखणीत, की पार त्या टोकाला गटांगळ्या खाणाऱ्या मुलीलाही वाटावं, बाई आपल्या कानातच ओरडतायत. लग्न झालं ते एका बोटवाल्याशी. हौशी लोकांना समुद्रात न्यायचं, पाठीवर हवेचं सिलिंडर बांधायचं आणि खालचे खडक नि मासे दाखवून सुखरूप वर आणायचं, हा त्याचा धंदा. तलाव सुटला, समुद्र आला. शिट्टी गेली, आवाज तेवढा राहिला.

घरात तिच्याआधीपासून एक बाई होती. ती अक्का, नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा धाकट्या भावाला हिनेच न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, वेळेला बदडलंही. स्वतः लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुकानामागची सिलिंडर भरायची खोली अक्काच्या ताब्यात. भिंतीला टेकून ओळीने उभी सिलिंडरं, पडू नयेत म्हणून त्यांना साखळी, कोपऱ्यात धडधडणारं हवा भरायचं यंत्र आणि दाराला लटकलेले ओले रबरी पोशाख. तिथे आत यायचं तर चपला काढायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. कान यंत्राच्या आवाजाकडे लागलेले असताना कुणी बोललं की अक्काचा पारा चढे. बोटीवर गेलं की प्रत्येकाचं सिलिंडर जोडून, त्याचा वॉल्व उघडून देणारी तीच, आणि पाण्यात सगळ्यांच्या शेवटी राहून मागची राखण करणारीही तीच. पुढे मास्तरीण, मधे पाहुणे, मागे अक्का. अशी ती वरात रोज खाली उतरायची.

पाण्यात एकट्याने जायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. दोघादोघांची जोडी लावायची, आणि उतरण्याआधी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला हात लावून, तोंडाने बोलून तपासायचं. जाकिटात हवा भरते का, कमरेचं वजन नीट बसलंय का, पट्टे लागलेत का, आणि मुख्य म्हणजे वॉल्व पुरता उघडलाय का. त्यांच्या बोटीवर याला ‘जोडी बघणं’ म्हणत. मास्तरीण या बाबतीत कर्दनकाळ होती. एखादं नवरा-बायकोचं जोडपं हसत हसत ‘झालं, झालं’ म्हणालं, की ती त्यांना परत पहिल्यापासून करायला लावी. घरी एकमेकांकडे बघत नसाल तर नका बघू, इथे मात्र बघायचं, असं ऐकवी. लोक हसत, पण करत.

आणि तिची स्वतःची जोडी? ती अक्काबरोबर. या दोघींनी एकमेकींना शेवटचं कधी तपासलं होतं, हे दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नसतं. पाहुणा म्हणजे परका, त्याची काळजी घ्यायची. घरच्या माणसाला काय विचारायचं? ते वाकड्यात गेल्यासारखं दिसतं. परक्यांना चार वेळा विचारतो आणि घरच्यांना गृहीत धरतो, ही खोड काही फक्त बोटीवरची नव्हे.

दोनेक वर्षांपूर्वी अक्काची मनगटं धरायला लागली. ती काही बोलली नाही. पण बरणीचं झाकण ती फडक्यात धरून उघडायला लागली, आणि जड पातेलं उचलायच्या वेळी तिला नेमकं दुसरं काम आठवू लागलं. मास्तरणीच्या डोळ्यांतून हे सुटलं नाही. मग एके दिवशी बोटीवर, अक्काच्या मागून जाताना, तिचा हात सहज अक्काच्या सिलिंडरवर पडला. वॉल्व जेमतेम उघडलेला होता.

आता हे समजून घ्यायला हवं. वॉल्व किलकिला उघडला तरी वर बोटीवर हवा छान येते, काटाही सिलिंडर भरलेलं दाखवतो. खोल गेलं की दाबामुळे प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, आणि तेवढी त्या फटीतून येत नाही. छाती ओढत राहते. म्हणजे दगा वर कळतच नाही, खालीच कळतो.

मास्तरणीने अक्काचा पट्टा सरळ करतेय असं दाखवलं आणि वॉल्व पुरा उघडला. अक्काने वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पुढे तो हाताचा परिपाठच झाला: मागून जायचं, पट्टा ओढायचा, वॉल्व फिरवायचा. सांगितलं का नाही? कसं सांगणार? अक्काला ‘तुमचं मनगट गेलं’ म्हणणं म्हणजे तिच्या हातून ती खोली काढून घेणं. आणि खोली काढून घेतली की अक्काचं उरलं काय? मास्तरीण मूग गिळून बसली. चांगुलपणाचं काम होतं ते, आणि चांगुलपणात धोका असतो असं कुणाच्या मनात येतं?

त्या दिवशी बोटीवर चार पाहुणे होते. त्यातला एक दातांचा डॉक्टर, भलताच घाबरट. पहिली फेरी झाली होती, दुसरीच्या आधीचा चहा चालला होता. मास्तरीण पुढच्या जागेविषयी समजावून सांगत होती. जरा लांबलंच असेल. अक्का मागे सिलिंडरं बदलत होती. मान वर न करता ती पाहुण्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आमची मास्तरीण हातापायांपेक्षा तोंडानेच जास्त पोहते.”

पाहुणे हसले. त्याचं काही नाही. अक्काची जीभ ही अशीच, तिला मास्तरीण सरावली होती. पण सुकाणूपाशी बसलेला नवराही हसला. मान मागे टाकून, मोठ्याने हसला. ते तिला लागलं. ती हसण्यावारी नेऊन मोकळी झाली असती तर बरं होतं. तिने बोलणं आवरतं घेतलं, कप खंगाळून ठेवला आणि पोशाखाची चेन गळ्यापर्यंत ओढली. अक्काने आपलं सिलिंडर जोडलं, पाठीवर चढवलं, आणि नेहमीच्या जागी तिच्याकडे पाठ करून बसली. जरा जास्तच वेळ बसली, हे मास्तरणीला मागाहून आठवलं. तेव्हा मनात एवढंच आलं: आज नाही. आज ज्याचं त्याने बघावं.

आणि ती दुसऱ्या बाजूने पाण्यात उतरली.

खाली पाणी स्वच्छ होतं. पाहुण्यांना खडकाच्या कपारीत काय काय दिसत होतं, ते बोटं दाखवून हरखत होते. दर थोड्या वेळाने मागे वळून सगळ्यांना मोजायचं, हा मास्तरणीचा नियम. ती वळत होती, पण डोळे पाहुण्यांवरच थांबवत होती. अक्काशी नजरानजर नको होती. रुसवा पाण्याखाली नेणारी बाई ही पहिलीच असेल असं नाही, पण शहाणपणाचं काम नव्हे ते. एकदा वळली तेव्हा पाहुणे चार होते आणि त्यांच्या मागे नुसतं निळं पाणी.

आधी वाटलं, अक्का खडकाआड असेल. तिने सिलिंडरवर धातूची कडी ठोकली. टण, टण. पाहुणे दचकून थांबले, अक्का आली नाही. आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं. वॉल्व.

खाली शोधायचा तेवढा शोध घेऊन तिने पाहुण्यांना वर निघायची खूण केली. पण वर म्हणजे सरळ वर नव्हे. त्यातून दिवसातली दुसरी फेरी. पृष्ठभागाच्या जरा खाली दोराला धरून थांबायचं, अंगात मुरलेली हवा सावकाश निघून जाऊ द्यायची, आणि मगच डोकं बाहेर काढायचं. चौघे नवखे. तिने हात सोडला असता तर घाबरून चेंडूसारखे वर उसळले असते. म्हणून ती थांबली. एका हाताने दोर, दुसऱ्या हाताने दातांच्या डॉक्टरचा पट्टा. वर बोटीचं बूड काळंभोर दिसत होतं. त्याच्या कडेला पाणी एकाएकी पांढरं झालं, नवऱ्याने उडी मारली होती. मग अक्काच्या पायांत पोहण्यासाठी चढवलेले पिवळे पंखे दिसले. ते हलत नव्हते. शिडीपाशी ते एकदा आपटले, वर ओढले गेले आणि दिसेनासे झाले.

मास्तरीण दोराला लोंबकळत होती. इतकी वर्षं हा थांबा तिने शेकडो लोकांना शिकवला होता, आणि तो इतका लांब असतो हे तिला ठाऊक नव्हतं. ती तोंडातल्या रबरावर दात रोवून बसली होती. डॉक्टर तिच्या डोळ्यांकडे बघत होता. तो घाबरू नये म्हणून तिने अंगठा आणि बोट जुळवून ‘सगळं ठीक’ अशी खूण केली. खोटी खूण तिने आयुष्यात ती एकच केली.

बोटीवर अक्का फळीवर आडवी होती. शुद्ध नव्हती, श्वास होता. नवरा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा दाबून बसला होता आणि ‘अक्का, ए अक्का’ एवढंच म्हणत होता, शाळेतून आलेलं पोर दारातून हाक मारतं तसं. मास्तरणीने बोट हाकली. पाण्याने भरलेल्या पोशाखातच तिने काठ गाठला.

इस्पितळात दाबाची खोली होती. खोली कसली, आडवी पडलेली लोखंडी टाकीच ती, तिला गोल काचेची खिडकी. अतिवेगाने वर आलेल्या माणसाला त्यात ठेवून पुन्हा दाब देतात आणि हळूहळू उतरवतात. हवेसाठी तडक वर उसळलेल्या अक्काला त्यात घातलं. आतल्याशी बोलायला बाहेर टेलिफोन होता, पण तो चालवणारा तंत्रज्ञ शेजारीच बसलेला, आणि अक्का ग्लानीत. मास्तरीण काचेला कपाळ लावून उभी राहायची. आत अक्काचा हात चादरीबाहेर असायचा, सुजलेलं मनगट वर. तिला वाटायचं, आत्ता दार उघडावं आणि सांगावं. मग वाटायचं, काय सांगावं? ‘मी तुम्हाला मारायला निघाले नव्हते, मी फक्त रुसले होते’?

बंदराच्या कचेरीतला अधिकारी येऊन गेला. सिलिंडर त्यांनी तपासलं होतं. हवा भरपूर होती, वॉल्व मात्र किंचितच उघडा. नवऱ्याने सुस्कारा टाकला आणि बहिणीच्या मनगटांविषयी सांगितलं. मी कधीचा म्हणत होतो, अक्का आता पुरे कर, असंही म्हणाला. तसं तो कधीच म्हणाला नव्हता. अधिकाऱ्याने मास्तरणीला विचारलं, त्यांची जोडीदार कोण? मी, ती म्हणाली. मग तुम्ही तपासलं होतंत? नाही. नवरा मधे पडला, साहेब, घरचीच माणसं आम्ही. अधिकारी थकलेला माणूस होता. घरचं मी विचारत नाहीये, एवढंच बोलून तो गेला. बोट बांधून ठेवायला सांगून गेला.

त्याच संध्याकाळी इस्पितळाच्या जिन्यात तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. दोन वर्षांचं. त्या सकाळचंही. आज नाही, असं मनात आलं तेही. तो खालच्या पायरीवर बसला होता, तोंड दिसत नव्हतं.  मग म्हणाला, “म्हणजे तू काही केलंच नाहीस. न केल्याचा दोष कुणी कुणाला लावतं का?”

“मी रोज करत होते हो.”

“ते तुला नि मला माहीत. अक्काला कशाला कळायला हवं? तिचं मनगट, तिचा वॉल्व. झालं गेलं. उगाच आता तिला आणखी कशाला.”

तो हे तिच्यावरच्या मायेने म्हणत होता, आणि म्हणूनच तिला ते सहन होईना. त्याने हात उगारला असता तर निदान धरायला काहीतरी मिळालं असतं. दोष आपला म्हणून ती हातात घेऊन उभी होती, आणि घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं.

अक्का शुद्धीवर आली. वॉर्डात आणली. डोकं ठीक, जीभ ठीक, कमरेखाली काही नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या हवेच्या बुडबुड्यांनी मज्जारज्जूला इजा झालीय. कधी थोडं परत येतं, कधी येत नाही, आशा सोडू नका. आशा सोडू नका म्हणजे धरूही नका, हे इस्पितळातलं बोलणं ज्याने ऐकलंय त्याला कळतं. पहिल्याच दिवशी भाऊ उशाशी बसला आणि फार मायेने म्हणाला, की तुझ्या मनगटानेच घात केला गं, जाऊ दे, आता घरी आराम कर, खोली मी बघतो.  आपला उजवा हात उचलून अक्काने डोळ्यांसमोर धरला, उलटासुलटा करून पाहिला, जसं बाजारात नासकं निघालेलं फळ पाहतात. मग चादरीखाली घातला.

मास्तरीण पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.  पाय गेले ते गेले, आता ही बाई जन्मभर स्वतःच्या हाताला शिव्या देणार. तिने नवऱ्याला औषधं आणायला पिटाळलं आणि स्टूल ओढून बसली.

“अक्का, वॉल्व दोन वर्षं मी उघडत होते. पट्टा ओढल्याचं दाखवून. त्या दिवशी नाही उघडला. तुमच्या मनगटाचं काही नाही.”

अक्काने छताकडे पाहत म्हटलं, “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तू उघडतेस ते. माझी पाठ काय लाकडाची आहे? पहिल्या दिवसापासून माहीत आहे.” ती दम खायला थांबली. “म्हणून तर मी अर्धवट सोडायला लागले. आधी दात-ओठ खाऊन का होईना पुरा फिरवत होते, तुला सापडला तो एक दिवस सोडून. मग म्हटलं, ही बघतेय ना. बाकीच्यांचे पुरे उघडायचे. चार वॉल्व उघडले की मनगटात सुया टोचायच्या. आपला पाचवा तुझ्यावर टाकायचे. तिकडे तोंड करून बसायचे आणि वाट बघायचे.”

मास्तरणीला ती पाठ आठवली. जास्तच वेळ बसलेली.  दोष अर्धा झाला असं कुणी म्हणेल. तसं होत नाही. तो दुप्पट झाला. ती बाई वाट बघत होती.

“खाली तुम्ही कुणाची हवा का नाही मागितलीत? डॉक्टर तर हातभर अंतरावर होता.”

“तो दातवाला? त्याच्याकडे हवा मागितली असती तर माझ्याआधी तोच मेला असता.” ओठ जरासे हलले आणि तसेच थांबले. “मी तुझ्याकडे बघत होते. तू दोनदा वळलीस. दोन्ही वेळा तुझी नजर माझ्यापर्यंत आली नाही.”

शेजारच्या पलंगावरची बाई कूस बदलत होती. कुणाची तरी गाडी बाहेर ढकलत नेली. मास्तरीण आपल्या हातांकडे बघत बसली.

“पण त्या दिवशी का नाही उघडलास?” अक्काने विचारलं. रागाने नाही. खरोखरच समजत नव्हतं म्हणून. “मी समजले, विसरली असेल. पण तू विसरणारी नव्हेस.”

“रागावले होते.”

“कशावरून?”

मास्तरणीने सांगितलं. तोंडाने जास्त पोहते, ते. पाहुणे हसले, ते. हे हसले, ते. सांगताना ते इतकं लहान झालं, की शेवटचे शब्द तिला तोंडातून काढवेनात.

अक्का कपाळाला आठी घालून आठवत राहिली.  मग तिने मान हलवली. आठवत नव्हतं. तिने ते म्हटलं होतं हे तिला आठवत नव्हतं, कारण असं काहीबाही ती रोजच म्हणायची.

“एवढ्यावरून?” ती म्हणाली.

“एवढ्यावरून.”

अक्काने डोळे मिटले. पापण्यांच्या कडेने पाणी आलं आणि कानाकडे उतरलं. पुसायला हात वर आला नाही. मास्तरीण उठली, पदर पुढे केला, आणि तसाच थांबवला. लावावा की नाही, ते तिला कळेना.

“तोंड होतं ना गं दोघींना,” अक्का डोळे न उघडता म्हणाली. “एवढं चालवतो दिवसभर. हेच तेवढं कसं बोललो नाही?”

 नवरा औषधांची पिशवी घेऊन दारात आला, दोघींना बघून तिथेच थबकला.

“उद्या येऊ नकोस,” अक्का म्हणाली. “तो येईल. तू नको.”

“परवा?”

“परवाचं मला आज काय विचारतेस?”

मास्तरीण बाहेर आली. नवऱ्याने विचारलं, काय म्हणाली? तिने सांगितलं, तिला सगळं माहीत होतं. तो काही विचारणार होता, पण तिचं तोंड पाहून पिशवी घेऊन आत गेला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आत गेला. मास्तरीण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली, दाराच्या अशा बाजूला की आतून दिसू नये. आत परिचारिका अक्काला कुशीवर वळवत होती. अक्का कुणावर तरी खेकसली. कुणावर, ते ऐकू आलं नाही. मास्तरीण बसून राहिली. घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, आणि आत जायची परवानगी नव्हती.